सहा वर्षांखालचे नागरिक आणि शासनाचे धोरण

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दसरा उलटला की भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील गावांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, सरपण, एखादी शेळी, आणि या सर्व सामानावर दाटीवाटीने बसलेली माणसे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या उसाच्या फडांवर पाच-सहा महिने राबतो. या व्यवहारात हिशेब चोख असतो. उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत होते. कोयते मोजले जातात. तोडलेल्या उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते. त्या ट्रकमध्ये आईच्या मांडीवर बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचे वजन मात्र पुढचे सहा महिने बहुधा कोठेच होत नाही.

हे मूल गावात असते तर महिन्याला एकदा अंगणवाडीत त्याचे वजन झाले असते. ते घटले असते तर कोणाच्या तरी ध्यानात आले असते. गाव सोडताच त्याचे नाव नोंदवहीत उरते आणि मूल निघून जाते. बालविकासाच्या शासकीय धोरणाची परीक्षा करावयाची असेल तर ती या मुलापासूनच केली पाहिजे. सुस्थिर घरात, हाताशी आजी आणि दाराशी दवाखाना असलेल्या मुलाला धोरणाची गरज त्या मानाने थोडी असते.

पाच अंगे आणि एक अट

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ साली बालसंगोपनाचा एक आराखडा मांडला. मुलाच्या पहिल्या वर्षांतील वाढीसाठी पाच गोष्टी एकत्र लागतात, असे त्यात प्रतिपादन आहे. उत्तम आरोग्य, पुरेसे पोषण, मुलाच्या हाकेला प्रतिसाद देणारी माया, सुरक्षितता आणि शिकण्याच्या आरंभीच्या संधी ही ती पाच अंगे होत. मेंदूची जडणघडण सर्वाधिक वेगाने पहिल्या दोन-तीन वर्षांत होते आणि त्या काळात राहून गेलेली उणीव पुढे भरून काढणे फार अवघड जाते, हा त्यामागील शास्त्रीय आधार आहे. केवळ पोट भरल्याने मूल वाढत नाही. त्याच्याशी बोलावे लागते, खेळावे लागते, त्याचे रडणे कशासाठी आहे ते ओळखावे लागते.

या विचाराशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु या पाचही अंगांच्या मुळाशी असलेली एक अट शासकीय पुस्तिकांतून क्वचितच आढळते. ती अट म्हणजे वेळ. मुलाच्या हाकेला ओ देण्यासाठी कोणीतरी हाकेच्या अंतरावर आणि मोकळे असावे लागते. जी आई पहाटे अंधारात कोपीतून निघते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, आणि एक दिवस खाडा पडला तर मजुरी तर बुडतेच, वर दंडही सोसते, तिला ‘मुलाशी दिवसातून अमुक वेळा संवाद साधा’ असे शिकविणे ही चेष्टा होय. त्या आईला माया कमी नाही. तिची माया करण्याची सवड उचलीच्या पैशात विकत घेतली गेली आहे. म्हणून बालसंगोपनाचा प्रश्न हा मातांच्या अज्ञानाचा प्रश्न आहे, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे. तो पहिल्या प्रतीचा श्रमाचा प्रश्न आहे.

राज्यघटनेने दिले आणि दुरुस्तीने काढून घेतले

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांच्या आत करावा, असे म्हटले होते. त्यात ‘सहा वर्षांपासून’ असे शब्द नव्हते. घटनाकारांनी आरंभरेषा आखली नव्हती. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा लहान मुलेही त्या छत्राखाली आली. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला २१-क या अनुच्छेदान्वये मूलभूत हक्क दिला, आणि त्याच हाताने सहा वर्षांखालील बालकांना मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात ठेवून दिले. त्यांच्याकरिता राज्य ‘प्रयत्न करील’. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हटले. एका दुरुस्तीची सर्वत्र वाहवा झाली, पण सहा वर्षांखालचा नागरिक हक्काच्या घरातून आशेच्या ओसरीवर आला, याची दखल थोड्यांनीच घेतली.

अंगणवाडीला जो काही कायदेशीर आधार आज आहे, तो अन्नाच्या बाजूने मिळालेला आहे. २००१ साली दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी देशातील अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांवर नेण्याचा आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी करताच तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पूरक आहाराला हक्काचे रूप दिले. ‘मागणी करताच अंगणवाडी’ हे शब्द कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

अंगणवाडी कोठून आली

‘अंगणवाडी’ हा शब्द दिल्लीच्या सचिवालयात जन्मला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. तेव्हा त्यांना आढळले की गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत. त्यांच्या अंगावर धाकटे भावंड असते, घरात काम असते, कपडे नसतात. मग ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली, कारण धाकट्याची सोय झाल्याखेरीज थोरली बहीण शाळेत येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही त्यांनी चालविली. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा त्या प्रयोगाचा गाभा होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिने ताराबाईंचा शब्द घेतला, पण गाभा घेतला असे म्हणता येणार नाही. ताराबाईंची अंगणवाडी मुलामागे जात असे. शासनाची अंगणवाडी लोकसंख्येच्या निकषावर एका जागी बसली. ती दिवसाचे काही तास चालते. तिच्यात तीन वर्षांवरील मूल बसू शकते. तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला येतो तो शिधा आणि लस. मेंदूची वाढ जेव्हा सर्वाधिक होते, त्याच वयाच्या मुलाला दिवसभर सांभाळण्याची जबाबदारी या योजनेने कधी स्वीकारली नाही.

मराठवाड्याला याची आठवण निराळ्या प्रकारे आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर बायका मुले घेऊन येत. त्या कामांवर सुकडी वाटली गेली आणि तिने अनेकांचे प्राण तगविले. त्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला, आणि तिच्या कामांवर पाणी व सावलीबरोबर पाळणाघराचीही सोय अभिप्रेत होती. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला त्याच मजुरीवर नेमण्याची तरतूद केली होती. म्हणजे कामाच्या जागी मुलाची सोय हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. पण सार्वजनिक कामांवरही ते फारसे पाळले गेले नाही, आणि उसाच्या फडावर तर ते पोहोचलेच नाही.

फडावरचे मूल

फडावरचे मूल पाचटावर किंवा कोपीत निजते. ते ट्रॅक्टरच्या चाकांच्या, सापकिड्याच्या, विहिरीच्या भयात वाढते. त्याला सांभाळते ती बहुधा सात-आठ वर्षांची बहीण, म्हणजे एका मुलाच्या संगोपनासाठी दुसऱ्या मुलीची शाळा खर्ची पडते. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आखली, ती योग्यच आहे. परंतु वसतिगृह शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी असते. दोन वर्षांचे मूल वसतिगृहात राहू शकत नाही. शासनाने २०२१-२२ मध्ये स्थलांतरित स्त्रिया व बालकांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्थाही उभी केली. मूल कोठे गेले हे कळणे हा आरंभ होय. पण ते जेथे गेले तेथे त्याला सांभाळणारे कोणी नसेल तर ती नोंद पोकळच राहते.

आईच्या शरीराची कथा याहून वेगळी नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या शासकीय पाहणीत ऊसतोड करणाऱ्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. जेथे मासिक पाळीच्या दुखण्यानेही खाडा पडतो, तेथे बाळंतपणाची रजा कोठून मिळणार? २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर मातेला किमान ६,००० रुपये देऊ केले होते, तर २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये दिले. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास मदतीची भर पडली. कचेरीतील स्त्रीला सहा महिन्यांचा पगार आणि फडावरच्या स्त्रीला काही हजार रुपये, तेही अपत्यांची मोजदाद करून. बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे दोघींनाही सांगितले जाते. ते पाळण्याची ऐपत मात्र एकीलाच दिली जाते.

सेविका आणि शिधा

या सर्व धोरणाचा भार जिच्या खांद्यावर आहे, त्या अंगणवाडी सेविकेला शासन कर्मचारी मानत नाही. तिला ‘मानधन’ मिळते. १९७५ साली मॅट्रिक झालेल्या सेविकेचे मानधन दरमहा १५० रुपये होते. केंद्र शासनाने २०१८ साली ते ४,५०० रुपये ठरविले आणि राज्यांनी त्यात आपापली भर घातली. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क असल्याचा निर्णय दिला आणि त्यांच्या कामाला अर्धवेळ म्हणणे मान्य केले नाही. तरीही महाराष्ट्रातील सेविकांना ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नास दिवसांहून अधिक काळ संप करावा लागला. वजने, लसी, सर्वेक्षणे, भ्रमणध्वनीवरील नोंदी, निवडणुकीची कामे, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकविणे असा तिचा दिनक्रम आहे. २०२० च्या शिक्षण धोरणाने तीन वर्षांपासूनच्या मुलांना पायाभूत शिक्षणात घेतले. ज्या पायावर सारी इमारत उभी करावयाची, तो पाया घालणाऱ्या स्त्रीला गवंड्याची मजुरीही द्यावयाची नाही, हा कोणता न्याय?

शिध्याची कथाही सर्वश्रुत आहे. आहार पुरविण्याचे काम स्थानिक बचत गटांना मिळावे, ठेकेदारांना नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले. तरी महिला मंडळांच्या पाट्यांआड मोठे पुरवठादार शिरले, आणि महाराष्ट्र शासनाच्या निविदेच्या अटी लहान बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या आहेत, म्हणून २०१९ साली न्यायालयाला त्या रद्द ठरवाव्या लागल्या. ज्या जिल्ह्यात ज्वारी, हरभरा आणि तूर पिकते, त्या जिल्ह्यातील मुलाने दूरवर तयार झालेली, मुलेही तोंड फिरवतील अशी पाकिटे का खावीत, याचे उत्तर पोषणशास्त्रात नाही. ते ठेक्याच्या अर्थशास्त्रात आहे.

आकडे काय सांगतात

वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के आढळले. पहिल्या दशकात राज्याने पोषण अभियान उभारले होते, त्याचे मुख्यालय औरंगाबादेस होते, आणि पहिल्या दोन वर्षांच्या मुलांकडे लक्ष देण्याचा आग्रह त्यात होता. त्या काळात आकडा हलला, नंतर तो जागीच थबकला. यातून दोन निष्कर्ष निघतात. कुपोषण ही दैवगती नव्हे, राज्याने मनावर घेतले तर ते हटते. आणि शिधा, लस व उपदेश यांच्या बळावर जेवढे अंतर कापता येते तेवढे बहुतेक कापून झाले आहे. पुढचे अंतर कापण्यासाठी मुलाला दिवसभर सांभाळणारी व्यवस्था आणि आईला सवड देणारी मजुरी लागेल.

२०१८ साली केंद्राने ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली, वाशीम यांच्यासह तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. नाव बदलल्याने स्थलांतर थांबले नाही.

पैसा कोठून आणावयाचा

पाळणाघरांसाठी पैसा नाही, हा नेहमीचा आक्षेप. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे २०२१ साली ठरले. आता एक नमुन्याचा हिशेब पाहावा. हंगामात पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यामागे या नियमाने एक कोटी रुपये जमा व्हावयास हवेत. त्या कारखान्याच्या मजुरांच्या तळांवर प्रत्येकी १५ मुलांची २० पाळणाघरे काढली आणि प्रत्येकात दोन स्त्रिया दरमहा १५,००० रुपयांवर सहा महिने नेमल्या, तर वेतनाचा खर्च ३६ लाख रुपये होतो. ३०० मुलांना दररोज ३० रुपयांचा ताजा आहार १८० दिवस दिला तर १६ लाख २० हजार. एकूण ५२ लाखांच्या आसपास. म्हणजे ठरलेला पैसा खरोखर जमा झाला, तर त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक रकमेत तीनशे मुले पाचटावरून उचलली जातील. तेव्हा अडचण पैशाची नाही, अग्रक्रमाची आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेने तीन वर्षांखालील मुलांसाठी गावोगाव ‘फुलवाऱ्या’ चालविल्या. गावातीलच स्त्रिया त्या सांभाळतात. कर्नाटक शासनाने २०२३ मध्ये रोजगार हमीवरील स्त्रियांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ नावाची बालगृहे काढण्यास आरंभ केला. धाराशिवचा मजूर ज्या राज्यात ऊस तोडावयास जातो, त्याच राज्याने जर हे करावयास घेतले असेल, तर महाराष्ट्राने कशाची वाट पाहावी?

दुसरा आक्षेप असा की मूल हे आईचे, कुटुंबाचे असते, राज्याने त्यात का पडावे? याला उत्तर एवढेच, की उचलीने कुटुंबात हात घातलेलाच आहे. मुकादमाने आईला मुलापासून दूर केले तेव्हा कोणाला कुटुंबाचे पावित्र्य आठवले नाही. राज्याने ते अंतर कमी करावे म्हटले की मात्र ते आठवते.

चळवळीचा दोष आणि चळवळीचे काम

यात समाजवादी चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. ऊसतोडणीच्या दरासाठी संप झाले, लवाद बसले, करार झाले. त्या करारांच्या वाटाघाटीत पाळणाघराचे कलम अखेरपर्यंत लावून धरलेले क्वचितच आढळेल. सहा वर्षांखालच्या नागरिकाला मत नाही, तो मोर्चात घोषणा देत नाही, आणि त्याची आई सभेला येते तेव्हा मागे, मूल थोपटत बसते. सहकाराची भाषा बोलणाऱ्यांनीही उसाच्या उताऱ्याची जेवढी चिंता केली, तेवढी उसाच्या बांधावरील मुलाची केली नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक तोडणी तळावर हंगामभर पूर्ण दिवसाचे पाळणाघर, कारखान्याच्या व शासनाच्या खर्चाने, आणि तोडणीच्या करारात तसे कलम. मुलाचा आहार, लस व वजन यांचा हक्क गावाला न चिकटता मुलाबरोबर प्रवास करणारा असावा. असंघटित स्त्रीला, अपत्यांची मोजदाद न करता, किमान वेतनाइतका प्रसूती भत्ता. सेविका व मदतनीस यांना कर्मचाऱ्याचा दर्जा. आहाराचे काम गावच्या खऱ्या बचत गटांकडे. आणि सहा वर्षांखालील मुलांना घटनेत पुन्हा हक्काचे स्थान.

यांतील काही गोष्टींना वर्षे लागतील. एक गोष्ट मात्र या हंगामाआधी करता येण्यासारखी आहे. प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने सेविकेला बरोबर घेऊन, ट्रक निघण्यापूर्वी, जाणाऱ्या सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी. त्यात वय, वजन, राहिलेल्या लसी, मुकादम आणि कारखाना यांची नोंद असावी. ती यादी ग्रामसभेत वाचावी, तिची प्रत जिल्हा परिषदेला आणि संबंधित कारखान्याला पोच घेऊन द्यावी. जेथे तळावर चाळीस मुले भरतात, तेथे न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देऊन मागणीची अंगणवाडी मागावी. मार्चअखेर ट्रक परततील तेव्हा त्याच मुलांचे वजन पुन्हा करावे. दोन आकडे शेजारी ठेवले की कोणते धोरण कोठे थांबले ते भाषणाविना कळेल.

उसाचे वजन करणारा काटा प्रत्येक कारखान्याच्या दारात आहे. त्याच दारात मुलाचे वजन करणारा काटाही मांडला जावा, एवढ्यासाठी हा लढा आहे. तो यादीपासून सुरू होतो, आणि यादी करावयास कोणाच्या मंजुरीची गरज नाही.